मंगळवारचा वर्ग आणि फ्राऊ वहिनी

जर्मनीत प्रत्येक फ्लॅटबरोबर तळघरात एक खोली मिळते, केलर. तिथे मुद्दाम कुणी काही साठवत नाही, ते आपोआप साठतं. एखादी जुनी सायकल, मुलांचे लहान झालेले बूट, भारतातून हौसेने आणलेला आणि एकदाही न वापरलेला पाटा. किस्स्यांचंही तसंच आहे. हॅम्बर्गला आल्यापासून शनिवारी आमच्याकडे मंडळी जमतात. बाहेर पाऊस असतो (तो असतोच!), चहाची दुसरी फेरी झालेली असते, आणि कुणीतरी म्हणतंच, "तुझ्या त्या मंगळवारच्या वर्गाचं सांग ना." मग मी केलरचं कुलूप काढते. एक वस्तू काढायला जावं तर चार अंगावर पडतात.

तेव्हा आम्ही दक्षिणेत राहत होतो, झिंडेलफिंगेनच्या शेजारच्या एका लहानशा गावात. त्या बाजूला मराठी माणूस दोनच प्रकारचा असतो. एक गाड्या बनवणारा आणि दुसरा गाड्यांचं सॉफ्टवेअर बनवणारा. मी दुसऱ्यांपैकी. या दोघांबरोबर आलेल्या बायका हा तिसरा प्रकार, पण त्यांना कुणी काही विचारत नाही.

गावात एक फोल्क्सहोखशूल होती. नाव भारदस्त आहे, पण प्रत्यक्षात ती गावाची संध्याकाळची शाळा. योगासनं, स्पॅनिश, मातीची भांडी, कोट शिवणं आणि प्रोग्रॅमिंग, सगळं एका छपराखाली. प्रवेश परीक्षा नाही, मार्क नाहीत, वय कुणी विचारत नाही. मी ज्या पुण्यात कॉम्प्युटर शिकले तिथे बारावीला थोडे मार्क कमी पडले म्हणून शेजारच्या मुलीला दुसरंच काहीतरी शिकावं लागलं होतं, आणि तिची आई वर्षभर जिन्यात कुणाशी बोलली नव्हती. त्यामुळे 'कुणीही यावं आणि प्रोग्रॅमिंग शिकावं' ही कल्पना मला जरा संशयास्पदच वाटली. पण आधीचा मास्तर गाव सोडून गेला होता आणि ऑफिसातल्या एकाने माझं नाव सुचवलं. नवरा म्हणाला, "जा तू. घरात तुझं कुणी ऐकत नाही, तिथे तरी ऐकतील."

* * *

आम्हाला खोली मिळाली ती शिवणवर्गाची. भिंतीला लावून शिलाई मशीन, कोपऱ्यात डोकं नसलेला एक पुतळा, आणि मधल्या टेबलांवर आमचे जुने लॅपटॉप. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना विचारलं, का आलात?

हेर, म्हणजे श्रीयुत, क्लाइन पहिल्या बाकावर बसले होते. उभा जन्म गाडीच्या कारखान्यात दारं बसवण्यात गेला आणि आता निवृत्त. ते शांतपणे म्हणाले, "माझ्या जागेवर रोबोट आला. तो दिवसभर काय विचार करतो ते मला समजून घ्यायचंय."

त्यांच्या शेजारी दिलेक. आईवडील तुर्कस्तानातून आलेले, ही मात्र इथेच जन्मलेली, बसस्टॉपसमोर तिचं सलून. तिच्या सलूनची अपॉइंटमेंटची वेबसाइट सारखी बिघडायची आणि दुरुस्त करणारा माणूस फोन उचलायचा नाही. ती म्हणाली, "मला त्याच्यापेक्षा जास्त यायला हवं. मग मी त्याचा फोन उचलणार नाही."

आणि शेवटच्या बाकावर, अंगात जाड स्वेटर, मांडीवर पर्स, सुनीता पाटील, म्हणजे सुनीता वहिनी. नवरा कारखान्यात इंजिनिअर, माणूस भला. वहिनी कराडकडच्या. लग्नाआधी आणि लग्नानंतरही तिकडे प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. इथे आल्यावर ते सगळं सुटलं. मुलगी रेवा इथेच वाढली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच देते. वहिनींनी मान खाली घालून हळूच सांगितलं की त्यांना उमशूलुंगला जायचं आहे. म्हणजे नोकरीसाठी दोन वर्षं नव्याने शिकायचं आणि त्यातून कॉम्प्युटरच्या कामाला लागायचं. श्टुटगार्टच्या एका संस्थेत जागा थोड्या आणि मुलाखत घेऊनच प्रवेश. सरकारी कचेरीतली बाई खर्चाला तयार झाली होती, पण यंदापुरतीच. पुढच्या वर्षाचं सांगता येत नाही, असं तिने स्पष्ट सांगितलं होतं.

"जमेल का हो मॅडम?" त्यांनी मला मराठीत विचारलं. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी बाई मला मॅडम म्हणत होती. मी म्हटलं, "वहिनी, मला मॅडम म्हणू नका, मग जमेल." त्यांनी जमवायचं ठरवलं, पण मॅडम काही सोडलं नाही.

* * *

मी वहिनी म्हणते म्हटल्यावर हेर क्लाइनना वाटलं, हे त्यांचं आडनाव. शिष्टाचाराचा माणूस! पुढच्या मंगळवारी दारात उभे राहून त्यांनी वाकून म्हटलं, "गुटन आबेंड, फ्राऊ वहिनी." म्हणजे श्रीमती वहिनी! वहिनींना हसू आवरेना. मी समजावून सांगितलं की आमच्याकडे ओळखीच्या माणसाच्या बायकोला भावाची बायको म्हणून हाक मारतात, सख्खा भाऊ असण्याची गरज नसते.

हेर क्लाइन चक्रावले. ओळख नवऱ्याशी, नातं न झालेल्या भावाचं, आणि हाक बायकोला? पण दिलेकने टेबलावर हात आपटला. "येंगे! आमच्याकडे अगदी हेच आहे, येंगे म्हणतात." त्या दिवसापासून दिलेकने त्यांना येंगे करून टाकलं. वहिनींना जर्मनीत इतक्या वर्षांनी एक दीर आणि एक नणंद मिळाली, आणि तीही प्रोग्रॅमिंगच्या वर्गात.

* * *

आता हवा खेळवण्याची गोष्ट. जर्मन माणसाला ल्युफ्टन केल्याशिवाय चैन पडत नाही. ल्युफ्टन म्हणजे खिडक्या सताड उघडून खोलीत ताजी हवा घेणं, मग बाहेर बर्फ का असेना. हेर क्लाइन या बाबतीत कट्टर. कुणाचा प्रोग्रॅम अडला, स्क्रीनवर लाल अक्षरं आली, की ते उठायचे आणि खिडकी उघडायचे. म्हणायचे, "आधी हवा. मग विचार."

वहिनी शाल घट्ट ओढून घ्यायच्या आणि मला मराठीत सांगायच्या की न्यूमोनिया झाला तर प्रवेश काय कामाचा. एकदा त्यांचा एक प्रोग्रॅम काही केल्या चालेना. एवढासाच तुकडा होता, पण मलाही चूक सापडत नव्हती. हेर क्लाइननी खिडकी उघडली, थंडीचा लोट आत आला, वहिनींनी कुडकुडत पुन्हा एकदा बटण दाबलं, आणि तो चालला. कसा ते मला अजून कळलेलं नाही. बहुधा थरथरत्या बोटांनी एखादी जास्तीची रिकामी जागा पुसली गेली असावी.

पुढच्या आठवड्यात वहिनी आल्या त्या थोड्या अपराधी चेहऱ्याने. घरी गृहपाठ अडला म्हणून त्यांनी बेडरूमची खिडकी उघडली होती. "हे झोपलेले होते," त्या म्हणाल्या. "त्यांना सर्दी झाली. पण प्रोग्रॅम चालला."

* * *

कॉम्प्युटरला प्रत्येक पायरी नीट सांगावी लागते, हे शिकवायला एक जुना धडा असतो. चहा कसा करायचा, ते क्रमाने लिहा. मी पुण्यात हा धडा केला तेव्हा आम्हा सगळ्यांची उत्तरं सारखीच आली होती, कारण आम्ही सगळेच सारखे होतो. तेच वय, तीच शाळा, तोच क्लास.

इथे मात्र मजा झाली. हेर क्लाइननी लिहिलं: पाणी उकळा, पिशवी घाला, घड्याळ लावा, पिशवी काढा, घड्याळ बंद करा. दिलेकचा चहा एकावर एक ठेवलेल्या दोन किटल्यांचा, तिला एकाच वेळी दोन गोष्टी उकळत ठेवायच्या होत्या. दोन कामं एकाच वेळी चालवणं लोक कॉलेजात शेवटच्या वर्षाला शिकतात.

वहिनींनी वाचायला सुरुवात केली. पहिली पायरी: कोण आलंय ते बघा. दुसरी पायरी: सासरचे असतील तर आलं घाला, माहेरचे असतील तर विचारा. तिसरी: पाहुणे नको म्हणाले तरी आधण ठेवा.

हेर क्लाइननी हात वर केला. "पाहुणे नको म्हणाले, तरीही?"

"हो," वहिनी म्हणाल्या, "नको म्हणाले तर अर्धा कप."

तो सगळा तास आम्ही वहिनींच्या चहावर काढला. 'असं असेल तर हे, नाहीतर ते' हा भाग मी पुन्हा कधी शिकवलाच नाही, कारण गरजच उरली नाही. मोठ्या कंपनीतल्या बैठकांमध्ये मी शहाणी माणसं एकच एक चहा वर्षानुवर्षं करताना पाहिली आहेत. अशा वेळी मला आमच्या शिवणखोलीची फार आठवण येते.

* * *

मग आला तो केअरवोखेचा प्रसंग. श्वाबेन, म्हणजे आमच्या त्या दक्षिणेकडच्या भागात ही प्रथा धर्मासारखी पाळतात. इमारतीतल्या प्रत्येक घराने आपल्या आठवड्यात जिना आणि दारापुढचा रस्ता झाडायचा. वहिनींच्या इमारतीत कुणाची पाळी कधी, हे ठरवायच्या तळमजल्यावरच्या फ्राऊ बॉयर्ले. एकट्या राहायच्या, कडक बाई. त्या खिडकीत दिसल्या की पोस्टमनसुद्धा पाय पुसायचा.

वहिनींनी घरच्या अभ्यासासाठी पाळ्या लावण्याचा प्रोग्रॅम लिहिला. सगळी घरं तळापासून वरपर्यंत एकाखाली एक घातली, वर्षभराच्या पाळ्या एका फटक्यात बाहेर आल्या. वहिनींना इतका आनंद झाला की छापून थेट जिन्यात लावल्या. मला दाखवायलासुद्धा थांबल्या नाहीत.

आता कॉम्प्युटर मोजायला सुरुवात करतो शून्यापासून, आणि वहिनी सुरुवात करत होत्या एकापासून, जशी सगळी माणसं करतात. त्यामुळे शून्यावर बसलेलं पहिलं घर राहूनच गेलं. वर्षभरात फ्राऊ बॉयर्लेंची एकदाही पाळी नाही!

दुसरं कुणी असतं तर त्याने पेढे वाटले असते. फ्राऊ बॉयर्ले जिने चढून वर आल्या आणि बेल वाजवली. त्या रागावलेल्या नव्हत्या, दुखावल्या होत्या. म्हणाल्या, "माझ्या हातात झाडू राहत नाही असं आता या घराला वाटायला लागलं का?" वहिनी एवढंच म्हणाल्या की मंगळवारी माझ्याबरोबर चला, आमच्या मॅडम समजावून सांगतील.

त्या आल्या. कोट न काढता, पर्स मांडीवर घेऊन डोकं नसलेल्या पुतळ्याशेजारी बसल्या. मी फळ्यावर घरं काढली, शून्यापासून आकडे घातले, चूक कुठे झाली ते दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की शून्यापासून मोजणारं यंत्र मुळातच बिघडलेलं असणार.

हेर क्लाइन खिडकी उघडता उघडता म्हणाले, "फ्राऊ बॉयर्ले, तुमच्या वरचा मजला कितवा?"

"पहिला."

"मग तुमचा कितवा?"

फ्राऊ बॉयर्लेंनी फळ्यावरच्या शून्याकडे पाहिलं. "गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी कोट काढला. पुढच्या मंगळवारी त्या स्वतःचा लॅपटॉप घेऊन आल्या. पाळ्यांचा तो प्रोग्रॅम पुढे त्यांनी आणि वहिनींनी मिळून दुरुस्त केला. त्यात दारापुढचा बर्फ काढायच्या पाळ्याही घातल्या, आणि शेजारच्या इमारतीने मागितला तर द्यायचा की नाही यावर दोघींचं भांडणही झालं.

* * *

एका मंगळवारी वहिनी आल्याच नाहीत. फोन बंद. त्या वर्ग चुकवणाऱ्या नव्हत्या, म्हणून मी वर्गावरून परस्पर त्यांच्या घरी गेले. दार रेवाने उघडलं. वहिनी इस्त्री करत होत्या. मुलाखतीचं बोलावणं आलं होतं आणि त्या जाणार नव्हत्या.

रेवा सोफ्यावरून जर्मनमध्ये म्हणाली, "मम्मा, तिथे सगळे विशीतले असतील." वाईट हेतूने नव्हे, तिला खरंच आईची काळजी वाटत होती. आईला तिथे कुणी हसलं तर ते तिला सहन झालं नसतं.

वहिनींनी इस्त्री उभी करून ठेवली. "तिचं बरोबर आहे मॅडम. शब्द आठवेपर्यंत समोरचा माणूस घड्याळ बघतो. इथे मी दुकानात बोलते, डॉक्टरकडे बोलते, पण ते वेगळं. तिथे तीन जणं बसून मला जोखणार." मग जरा थांबून म्हणाल्या, "सकाळी डबे भरले की घरातली सगळी आपापल्या कामाला जातात. मी राखण करते. मला कुणी 'सोमवारपासून कामावर या' म्हटलंय, त्याला किती वर्षं झाली असतील हो? ते एकदा ऐकायचं होतं बघा."

मी या देशात आले ती नोकरीचा कागद हातात घेऊनच, मला हे कधी कुणाला मागावं लागलं नाही. मी त्यांच्या हातातली उशीची खोळ घेतली आणि घडी घालत बसले. घडी वाकडी झाली. वहिनींनी ती माझ्याकडून काढून घेतली, झटकली, पुन्हा घातली आणि म्हणाल्या, "बरं. येते मी मंगळवारी. पण जाईन असं म्हणत नाही."

* * *

पुढचे सगळे मंगळवार आम्ही मुलाखतीची तालीम केली. दिलेक, हेर क्लाइन आणि फ्राऊ बॉयर्ले टेबलापलीकडे, वहिनी अलीकडे, आणि पुतळ्याला आम्ही दाराशी उभं केलं, अजून कुणीतरी बघतंय असं वाटावं म्हणून. संस्थेने कळवलं होतं की प्रोग्रॅमिंगमधली एखादी गोष्ट कॉम्प्युटर न कळणाऱ्या माणसाला समजावून सांगावी लागेल. वहिनींनी फेरा निवडला, ज्याला आम्ही लूप म्हणतो. तेच काम पुन्हा पुन्हा करायचं, आणि कुठे थांबायचं त्याची अट घालून द्यायची. त्यासाठी लॅपटॉपवर रंगीत चित्रं तयार केली.

फ्राऊ बॉयर्ले परीक्षक म्हणून भयंकर होत्या. पहिल्याच तालमीत त्यांनी वहिनींना नापास केलं. "तुम्ही दर वाक्याला माफी मागता," त्या म्हणाल्या. "माफी मागणाऱ्या माणसाला मी जिनासुद्धा झाडू देणार नाही."

त्यांनी वहिनींचं जर्मनही सुधारायला घेतलं. पण त्यांचं स्वतःचं जर्मन म्हणजे अस्सल श्वेबिश, तिकडच्या खेड्यातलं. त्यामुळे थोड्याच दिवसांत वहिनी कराडच्या सुरात श्वेबिश बोलायला लागल्या. मी घाबरले. श्टुटगार्टच्या संस्थेत हे कसं दिसेल, असं मी दिलेकला हळूच विचारलं. ती म्हणाली, "दिसणं माझ्यावर सोडा," आणि मुलाखतीच्या आदल्या दिवशी सलूनमध्ये नेऊन तिने वहिनींचे केस कापले. वहिनींनी आरशात पाहिलं आणि म्हणाल्या, "ही बाई मुलाखतीला जाईल."

* * *

तो वर्ग आता नाही. म्हणजे वर्ग आहे, पण नव्या इमारतीत, निम्मे जण पडद्यावर, आणि खिडक्या आपोआप उघडझाप करणाऱ्या. हेर क्लाइनना त्या मान्य नाहीत असं दिलेकने कळवलं. माझी नोकरी बदलली आणि आम्ही उत्तरेला आलो. इथे हॅम्बर्गला माझ्या हाताखाली हुशार मुलं आहेत, मोठमोठ्या विद्यापीठांतली. त्यांचं काम चोख असतं. पण लाल अक्षरं आली की कुणी उठून खिडकी उघडत नाही, आणि मंगळवारी संध्याकाळी ऑफिसातून निघाल्यावर माझे पाय क्षणभर घुटमळतात. मला ती शिवणखोली हवी असते. ती माणसं हवी असतात. यावर औषध नाही.

* * *

आता मुलाखतीचं सांगते आणि थांबते, कारण यानंतर दुसरं काही सांगण्यात अर्थ नसतो.

त्या दिवशी मी ऑफिसात होते, पण लक्ष कुठेच नव्हतं. दुपारी फोन वाजला. वहिनी श्टुटगार्टच्या स्टेशनवरून बोलत होत्या, मागे एस-बान लोकलची घोषणा ऐकू येत होती. मी विचारलं, कसं झालं? त्या म्हणाल्या, "मॅडम, ते चित्रांचं काही झालं नाही."

झालं असं. खोलीत तीन जणं होती. टाय लावलेले एक वयस्क साहेब, एक चष्मेवाल्या बाई आणि एक तरुण. वहिनींनी लॅपटॉप उघडला आणि तो अपडेट व्हायला बसला. निळा पडदा, गोल फिरणारे ठिपके, संपतच नाही. साहेब म्हणाले, काही हरकत नाही, नुसतं तोंडी सांगा. आणि तोंडी म्हटल्याबरोबर वहिनींचं सगळं जर्मन पळून गेलं. तरुणाने घड्याळाकडे पाहिलं.

"मग मला वाटलं," वहिनी फोनवर म्हणाल्या, "आता गेलंच आहे तर जाऊ दे. वर्गात पोरांना कळत नसलं की आपण काय करत होतो? उभं करत होतो."

त्यांनी तिघांना सांगितलं, "कृपया उभे राहा." शिक्षिकेच्या आवाजात सांगितलं की जर्मन माणूस ऐकतोच. तिघेही उभे राहिले. वहिनींनी सांगितलं, एकामागे एक या टेबलाभोवती फिरा, आणि खिडकीपाशी आलात की दर वेळी मोठ्याने आकडा म्हणा. साहेब पुढे, बाई मधे, तरुण मागे. एक, म्हणाले साहेब. फिरून आले, दोन. वहिनी हात मागे बांधून भिंतीशी उभ्या, जशा पूर्वी कराडच्या शाळेत उभ्या राहत. तरुण टेबलाच्या कोपऱ्याला धडकला तर त्याला म्हणाल्या, रांग मोडायची नाही.

फेऱ्या वाढत चालल्या. कुणी थांबेना, कारण थांबा असं कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी साहेबांना धाप लागली. फिरता फिरताच त्यांनी विचारलं, "तर मग, फ्राऊ पाटील, आम्ही किती वेळ फिरायचं?"

वहिनी म्हणाल्या, "हाच तर लूप. अट घातली नाही तर तो थांबतच नाही."

"मग अट घाला," साहेब म्हणाले. अजून फिरतच होते.

फोनमध्ये पुन्हा घोषणेचा आवाज आला. मला वाटलं, गाडी आली. मी म्हटलं, वहिनी? मग काय म्हणालात तुम्ही?

"म्हटलं, मला प्रवेश मिळेपर्यंत."

"मग?" मी विचारलं. "मग काय झालं?"

"मग काय मॅडम," वहिनी म्हणाल्या, "थांबले."